दवाखान्याची पोळी

दवाखान्यातल्या आजारी माणसांच्या नातेवाइकांसाठी लोकांनी मनापासून दिलेलं अन्न मी एका म्हशीला खाऊ घालत असे. एकदा चुकून नव्हे. रोज, दिवेलागणीला, नेमानं. आणि हे करायला निघताना माझ्या चेहऱ्यावर समाजसेवेचा असा काही भाव असायचा की समोरून येणारा माणूस सायकलवरून उतरून मला वाट देई. आता सत्तरी ओलांडल्यावर तो चेहरा आरशासमोर पुन्हा करून पाहायला गेले, तर कवळीच निसटली. नात म्हणते, आजी, हे लिहू नकोस, लोक काय म्हणतील. लोकांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी तेव्हाच म्हणून घेतलं, बरंचसं माझ्या तोंडावर. राहिली म्हैस. तिची कधीच काही तक्रार नव्हती.

आमचं गाव अंबाजोगाईच्या बाजूचं. दादा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत चिकटले होते आणि पिंपळे गुरवला एका खोलीत एकटे राहत होते. कँटीनचं खाऊन त्यांच्या पोटानं असहकार पुकारला, तेव्हा घरात विचार झाला की कुणीतरी भाकऱ्या थापायला जायला हवं. आई जाऊ शकत नव्हती. आजोबा अंथरुणाला खिळलेले आणि दोन भाऊ शाळेत. उरले मी. अकरावीला नापास होऊन मी नुकतीच मोकळी झाले होते, त्यामुळं माझ्या शिक्षणाचं नुकसान होईल असं म्हणायची सोयही कुणाला राहिली नव्हती. एक पत्र्याची ट्रंक, येसर मसाल्याची पुरचुंडी आणि आईनं दिलेला तवा घेऊन मी आले. येताना वाटत होतं, शहरात निघालेय, आता काय मजाच मजा. एसटीत बसल्याबसल्या मी मनातल्या मनात मैत्रिणींची नावंसुद्धा ठरवली होती.

तेव्हाचं पिंपळे गुरव म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन-चार चाळी, मधे ज्वारीची आणि कांद्याची वावरं, खाली नदी आणि नदीपलीकडं कंपन्यांचे भोंगे. आता तिथं गेलात तर वावर कुठं होतं हे वावराच्या मालकालाही सांगता यायचं नाही. दादांना बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट असायची, आणि नसली तर ओव्हरटाइम असायचा. दुपारी ते जेवून सायकल काढायचे, मी त्यांच्या हँडलला डबा अडकवायची, आणि सायकल कोपऱ्यावरून वळली की माझा दिवस संपायचा. खरं तर तिथून पुढं अर्धा दिवस शिल्लक असे. दादा मुळात कमी बोलणारे. परत आले की विचारायचे, “जेवलीस?” मी म्हणायची, “जेवले.” झालं. आमच्या बापलेकीच्या गप्पा.

त्या खोलीत आवाज नव्हता, हे मला सगळ्यात आधी कळलं. गावाकडं आमच्या घरात आजोबांचा खोकला, भावांची भांडणं, आईचं जातं, शेजारची शेळी असं काहीतरी कायम चालू असायचं. इथं पत्रा उन्हानं तापला की कडकडायचा आणि संध्याकाळी निवला की पुन्हा कडकडायचा; मधल्या वेळात मी त्याची वाट पाहत बसायची. मग मी एक युक्ती काढली. स्टोव्हला पंप मारून तो नुसताच पेटता ठेवायची. वर भांडं नाही, काही नाही. त्याचा तो भर्रर्र आवाज खोलीभर झाला की घरात माणूस असल्यासारखं वाटे. एक दिवस दादा म्हणाले, “रॉकेल लई लवकर संपायलंय की गं.” मी म्हटलं, “इथली डाळ शिजतच नाही, दादा.” त्यांनी खरं मानलं. पुढं कितीतरी वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पुण्याकडच्या डाळीत राम नाही.

बोलायला बायका नव्हत्या असं नाही. चाळ भरलेली होती. पण पहिल्याच सकाळी नळावर मी म्हटलं, “मी कवाची थांबायलेय,” आणि सगळा नळ हसला. पोरं दिवसभर “थांबायलेय, थांबायलेय” करत माझ्या दारावरून पळत होती. नळावरच्या त्या बायकाही कुणी कोकणातल्या, कुणी सोलापूरकडच्या; त्यांचीही बोली काही फार सरळ नव्हती. पण त्यांचं हसून झालं होतं, आता माझी पाळी होती, एवढाच हिशोब. समजूतदार मुलगी असती तर तीही हसली असती. मी मात्र मानिनी. मी ठरवलं, आता बोलायचंच नाही. आणि खरोखर बोलले नाही. आज माझी सून सांगते की सासूबाई गप्प बसल्या तर आम्ही डॉक्टरला फोन करतो. तिला हे पटायचं नाही.

तर अशा मुक्या मुलीला शालिनीताईंनी नळावर गाठलं. शालिनीताई रस्त्यापलीकडच्या बंगल्यात राहायच्या, यजमान कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी बायकांचं एक मंडळ काढलं होतं. त्याचं नाव संस्कृतात आणि लांबलचक होतं, म्हणून सगळे त्याला पोळी मंडळच म्हणत. काम सोपं होतं. नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात खेड, जुन्नर, मावळ असल्या लांबच्या गावांहून पेशंट यायचे. पेशंटला आत जेवण मिळे. त्याच्यासोबत आलेलं माणूस मात्र आवारात झाडाखाली उपाशी बसलेलं असे. म्हणून मंडळानं ठरवलं, प्रत्येक घरानं रोज संध्याकाळी एक पोळी जास्त लाटायची, तिच्यात कोरडी भाजी घालून घडी करायची, आणि त्या त्या गल्लीतल्या मुलीनं ती गोळा करून शालिनीताईंच्या ओट्यावर आणायची. तिथं बायका कागदात पुड्या बांधत आणि दूधवाला आपल्या टेम्पोतून त्या दवाखान्यात पोचवी. रस्सा नाही, मासळी नाही, शिळं नाही. आणि गोळा करणाऱ्या मुलीनं कुणाच्या घरात जाऊन बसायचं नाही, नाहीतर टेम्पो चुकतो.

“तुला संध्याकाळी थोडा वेळ असतो का गं?” शालिनीताईंनी विचारलं.

वेळ! माझ्याकडं दुसरं होतं काय?

दुरडी आणि वर झाकायला पांढरं फडकं घेऊन मी पहिल्या दिवशी निघाले. बोलायचे शब्द दोनच, आणि त्यांत हसण्यासारखं काही नव्हतं, एवढाच धीर. “दवाखान्याची पोळी,” मी शिंदेकाकूंच्या दारात म्हटलं. आतून पोरगी ओरडली, “आई, दवाखाना आलाय!” आणि त्या दिवसापासून माझं नाव वत्सला राहिलं नाही. सगळी गल्ली मला दवाखाना म्हणू लागली. “दवाखाना, जरा थांब, भाजी उतरतेय.” “दवाखाना, आज वेणी कुणी घातली गं तुझी, वाकडा भांग आहे.” थांबायलेय म्हणून हसल्या होत्या त्याच बायका. पण आता मी त्यांच्या दारात हक्कानं उभी होते. कारण मी स्वतःसाठी आले नव्हते.

बसायचं नाही हा नियम मी आठवडाभर पाळला. मग राणेवहिनींनी तो मोडला. त्या मालवणच्या, बोलणं गाण्यासारखं. “काय गो चेडवा, जेवलंस? बस मगे हयसर. टेम्पो काय तुझो बापूस हाकता?” मी बसले. त्यांची उकड्या तांदळाची पेज प्याले. शिंदेकाकूंकडं शेंगदाण्याच्या चटणीवर तेल ओतून घेतलं. कुणाकडं बाळाला झोका दिला, कुणाचं नवऱ्याशी भांडण झालेलं ऐकून घेतलं. मी तोंडात शब्द घोळवून हळूहळू बोलू लागले, आणि मग न घोळवता. शालिनीताईंच्या ओट्यावर माझी दुरडी सगळ्यांत उशिरा पोचायची. त्यांना वाटे, ही मुलगी किती काळजीपूर्वक काम करते.

गल्लीच्या टोकाला हौसाक्कांचं घर होतं. त्या मूळच्या गावच्या, शेतीवाल्या. आम्ही सगळे बाहेरून आलेले, त्या मात्र तिथल्याच मातीतल्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, आणि तोंड असं की समोरच्यानं आधी दोन पावलं मागं सरकावं.

“कोन गं तू?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

“दवाखान्याची पोळी.”

“तू पोळी व्हय? दिसतीस तर वाळक्या शेंगंवानी.”

त्यांनी पोळी कधीच दिली नाही. जाडजूड भाकरी द्यायच्या, एका कडेला हमखास करपलेली, मधे पिठलं नाहीतर मिरचीचा ठेचा. मी धीर करून सांगितलं की मंडळात पोळी चालते. “पोळी कुनाच्या पोटाला पुरती? सांग तुज्या मंडळाला. माजा मालक त्या दवाखान्यात व्हता तवा मी त्या झाडाखाली नळाचं पानी पिऊन दिस काडल्यात. तवा कुटं व्हतं मंडळ? भाकरच न्यायची.” मग माझ्या दुरडीत डोकावून बाकीच्या पोळ्या बोटानं उचलून पाहायच्या. “ही कुनाची? शिंदीनीची? जाळीदार पदर हाय जनू.” त्या मला घरात बोलवत नसत. पण बोलत. दारात उभं राहून, हात कमरेवर ठेवून, रोज एक टोमणा. मला तोही चालायचा. मी त्यांचं दार मुद्दाम शेवटी ठेवलेलं असे, आणि तिथून निघायला मन घेत नसे.

असं एक वर्ष तरी चाललं असेल. नक्की आठवत नाही, पण त्या दिवसांत स्टोव्ह नुसता पेटवून ठेवल्याचं मला आठवत नाही खरं.

मग एक दिवस शालिनीताईंनी पुड्या बांधणाऱ्या बायकांना आणि गोळा करणाऱ्या मुलींना ओट्यावर बोलावलं; आमच्या गल्लीतून मी एकटीच. एका कंपनीच्या ट्रस्टनं दवाखान्यात स्वयंपाकघर सुरू केलं होतं. नातेवाइकांना रोज गरम वरणभात, दोन्ही वेळा, फुकट. शालिनीताईंचे डोळे भरून आले होते. “आपलं काम संपलं, बायांनो. असं काम संपणं याच्यासारखा आनंद नाही,” त्या म्हणाल्या आणि नारळ फोडला. पेढे वाटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी. माझ्या खोटेपणाची सुरुवात ही अशी हातांपासून झाली. शालिनीताई मला म्हणाल्या, “वत्सला, उद्या तुझ्या गल्लीत सगळ्यांना सांगून टाक हं. आभारही मान.” मी म्हटलं, “सांगते.”

आणि खरंच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी दुरडी घेतली ती निव्वळ सवयीनं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलेय. शिंदेकाकूंच्या दारात गेले. “आई, दवाखाना आलाय!” काकू हात पुसत बाहेर आल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत पोळी दुरडीत पडली. गरम होती. बटाट्याच्या भाजीची. त्या म्हणाल्या, “आज बस जरा, माझ्या बहिणीचं पत्र आलंय, सांगते तुला.” आता सांगा, अशा वेळी कुणी म्हणेल का, की काकू, पोळी परत घ्या, उद्यापासून मी येणार नाही? शहाणं माणूस म्हणेल. मी बसले. पत्रातली सगळी हकीकत ऐकली. उद्या सांगू, म्हटलं. शेवटी हौसाक्कांची भाकरीही दुरडीत पडली, आणि भरलेली दुरडी घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले. जायला ठिकाण नव्हतं.

घरी नेता येत नव्हतं. दादा कमी बोलत, पण दुसऱ्याच्या घरचं अन्न आपल्या घरात आलेलं त्यांना खपलं नसतं. त्यासाठी त्यांनी पुष्कळ शब्द वापरले असते. कुणा गरिबाला द्यावं, तर पोळी देण्याइतका गरीब शोधायला निघाले असते आणि बहुधा पहिला नंबर आमचाच लागला असता. नदीकडं जाणाऱ्या बोळातून मी चालत राहिले. तिथं एका गोठ्याची मागची बाजू होती, बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि त्यावरून एका म्हशीनं तोंड बाहेर काढलेलं. ती माझ्याकडं पाहत होती. इतक्या शांतपणे माझ्याकडं त्या दिवशी कुणी पाहिलं नव्हतं. मी एक पोळी पुढं केली. मग दुसरी. भाकरी तिला सगळ्यांत आवडली.

तो गोठा हौसाक्कांचा होता. पुढून त्यांचं घर, मागून गोठा, मधे एक भिंत. रोज त्यांच्या दारातून निघून मी त्यांच्याच घराला वळसा घालून त्यांच्याच म्हशीसमोर उभी राहत होते आणि मला पत्ता नव्हता. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली मुलगी मी. अकरावीला भूगोलात गेले होते ते उगाच नव्हे.

किती दिवस चाललं विचारू नका, मलाच लाज वाटते. रोज मी घरून सांगायचं ठरवून निघायची. शब्दसुद्धा जुळवलेले असायचे. आणि प्रत्येक दारात ‘दवाखाना आला’ ऐकलं की मी दुरडीच पुढं करायची. त्या दिवसांत मी बायकांशी जास्तच गोड वागू लागले. राणेवहिनी विचारायच्या, “पेशंटांका भाजी आवडली मां?” मी म्हणायची, “आवडली, वहिनी. सगळी संपली.” हे खरंच होतं. पण पूर्वी बसल्यावर जे सुख वाटायचं ते गेलं होतं. पेज पितानाही आपण चोरून पितोय असं वाटायचं. बायका हसायच्या, मी हसायची, आणि आतून त्या खोलीत एकटी असताना वाटायचं तसंच वाटायचं. तरी जायची. न जाणं याहून वाईट होतं.

हौसाक्का मधेच म्हणाल्या, “आमची बिजली हल्ली कडब्याला तोंड लावत न्हाई. अन् तुजा आवाज आला की मागं रेकाया लागती. तुज्या आवाजात काय हाय गं येवडं?” मी हसून साजरं केलं. बिजली कोण हे विचारायचीही बुद्धी झाली नाही. भिंतीपलीकडून रोज रेकणारी म्हैस, आणि बोळातली माझी म्हैस, या दोघी एकच असतील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. प्रेमात पडलेल्या मुली अशाच मठ्ठ असतात म्हणे. मी कुणाच्याच प्रेमात नव्हते. एका अख्ख्या गल्लीच्या होते.

बिजलीला मात्र माझ्याहून जास्त कळत होतं. एका संध्याकाळी मी शिंदेकाकूंच्या दारात उभी राहून माझे दोन शब्द खणखणीत म्हटले आणि गल्लीत मागून आरडाओरडा झाला. वळून पाहिलं तर दावं तोडलेली म्हैस गल्लीच्या मधोमध चालत येत होती. पळत नव्हती; ओळखीच्या माणसाकडं जावं तशी येत होती. पोरं किंचाळत बाजूला झाली. ती सरळ माझ्यापाशी आली, फडकं नाकानं बाजूला सारलं आणि दुरडीत तोंड घातलं. शिंदेकाकू “हाड् हाड्” करत होत्या. ती त्यांच्याकडं बघेना. पोळी खाऊन झाली की दर वेळी माझा हात चाटायची, तसा तिनं सगळ्यांसमोर चाटला.

काठी घेऊन हौसाक्का धावत आल्या आणि थबकल्या. म्हशीनं आपल्याला ओळखलं नाही आणि या पोरीचा हात चाटला, हे पाहून कुठली बाई थबकणार नाही? “हिला तुजी वळख कशी?” त्यांनी विचारलं. आणि मी, जिला इतके दिवस एक वाक्य सांगता आलं नव्हतं, तिनं काय म्हणावं? मी म्हटलं, “दवाखाना बंद झालाय.”

“बंद झालाय? मंग मानसं कुटं मरत्यात आता?”

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. स्वयंपाकघर, वरणभात, नारळ, पेढे. कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला गहू म्हशीच्या पोटात?” कुणीतरी म्हणालं, “आणि वर विचारलं की सांगायची, आवडली म्हणून!” राणेवहिनी आत गेल्या आणि दाराची कडी लागलेली मला ऐकू आली. हौसाक्कांनी दुरडीत हात घातला. आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलायला वेळ उरला नव्हता, म्हणून त्यांचं शेवटचं दार मी त्या दिवशी पहिलं घेतलं होतं, त्यामुळं त्यांची भाकरी दुरडीत तळाशी होती. करपलेली कड, मधे ठेचा. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. त्या झाडाखाली बसलेल्या कुणासाठी तरी त्यांनी ती थापली होती. मला वाटलं, आता काठी पाठीत बसणार, आणि बसावी असंही वाटत होतं. त्यांनी ती भाकरी बिजलीच्या तोंडासमोर धरली, तिला खाऊ दिली, शिंगाला धरून वळवलं, आणि निघून गेल्या. ज्या बाईनं मला रोज एक टोमणा दिला, तिच्याकडं त्या दिवशी माझ्यासाठी टोमणासुद्धा नव्हता.

शालिनीताईंना कळलंच. त्या रागावल्या नाहीत. “अगं, मला सांगायचंस ना,” म्हणाल्या, आणि मंडळ आता शिवणवर्ग काढतंय, त्यात ये, असंही म्हणाल्या. फार चांगली बाई. त्यांच्या त्या क्षमेनं मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं तितकं शिव्यांनी झालं नसतं. दुरडी मी त्यांच्या ओट्यावर परत ठेवायला गेले, तर त्या म्हणाल्या, राहू दे तुलाच, आठवण म्हणून.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी अजून विसरलेले नाही. दार लावून बसायची. पूर्वी नुसती शांतता होती. आता मला बाहेरचा प्रत्येक आवाज ओळखू येत होता, आणि ते वाईट होतं. हा शिंदेकाकूंचा लाटण्याचा आवाज, शेवटी एकदा पोळपाटावर ठक् करतात. हा राणेवहिनींचा झारा. हे बाळ झोक्यात रडतंय, त्याला उजवीकडून झोका दिला की गप्प होतं, हे मला माहीत आहे. कोण कुठली भाजी फोडणीला टाकतंय हे वासावरून सांगता यायचं. आपल्या घरची कुठलीच भाजी करायला हात उचलत नव्हता. नळावर मी भर दुपारी जायची, तेव्हा पाणी करंगळीएवढं असे आणि बाई एकही नसे. दादा विचारायचे, “जेवलीस?” मी म्हणायची, “जेवले.” स्टोव्ह मी पुन्हा नुसताच पेटवू लागले होते.

आता मी पुनावळ्याला मुलाकडं असते, चौदाव्या मजल्यावर. सोसायटीतली पोरं एका संस्थेसाठी जुने कपडे गोळा करतात. नातीनं सांगितलं, “आजी, लिफ्टजवळ खोका ठेवला की झालं, लोक आपोआप टाकतात.” टाकतात, खरं आहे. पण खोक्याला कुणी बसा म्हणत नाही. म्हणून मी आमच्या मजल्यावर पिशवी घेऊन स्वतः फिरते. कपड्यांसाठी बेल दाबते, असं सगळ्यांना वाटतं. एकदा एका तरुण सुनेनं मला आत बसवून रडून घेतलं. पिशवीत काय पडलं ते मी पाहिलंही नाही. हा माझा गुन्हा जुनाच आहे, फक्त आता म्हैस नाही.

तर दार लावून बसायच्या त्या दिवसांतली एक संध्याकाळ. स्टोव्ह भर्रर्र करत होता, म्हणून दाराचा आवाज मला आधी कळलाच नाही. कुणीतरी दार खाजवत होतं, मग ढकलू लागलं. मी स्टोव्ह विझवला. कडी काढली. दारात बिजली उभी होती, गळ्यात तुटक्या दाव्याचा तुकडा लोंबत. तिनं आत पाहिलं, मला पाहिलं, आणि दुरडी कुठं दिसते का म्हणून मान लांब केली. इतक्या दिवसांत माझ्या दारात आलेला पहिला जीव. मी तिच्या मानेत तोंड खुपसून ढसाढसा रडले. शेणाचा आणि कडब्याचा वास येत होता, आमच्या घरचा.

“हितं हाय व्हय!” मागून आवाज आला. हौसाक्का. पदर कमरेला खोचलेला, श्वास फुललेला. मी झटकन मागं सरले. त्यांनी म्हशीचा कान धरला, पण ओढला नाही. त्या उंबऱ्यात उभ्या राहून खोलीत बघत राहिल्या. बघण्यासारखं काय होतं? एक ट्रंक. एक तवा, दुपारचाच घासलेला. दादांसाठी झाकून ठेवलेलं एक ताट. आणि वर काहीच नसलेला स्टोव्ह, अजून कोमट.

“घरात कोन हाय?”

“कुणी नाही.”

“बा?”

“सेकंड शिफ्ट.”

“आय?”

“गावाकडं.”

“रोजच असं?”

मी मान हलवली. त्या पुन्हा स्टोव्हकडं बघत होत्या. नळाचं पाणी पिऊन दिवस काढलेल्या बाईला त्या स्टोव्हचा अर्थ विचारावा लागला नसावा. मी म्हटलं, “मावशी, चुकलं माझं.” त्यांनी ते ऐकलंच नाही असं केलं. काठी उलटी करून बिजलीच्या पाठीवर हळूच टेकवली, तिला वळवलं, चार पावलं गेल्या, आणि माझ्याकडं न बघता, जशा दारात उभं राहून बोलायच्या तशाच आवाजात म्हणाल्या:

“म्हस नासवलीस माजी. आता धार काडू देत न्हाई कुनाला. उद्या सांजच्याला गुमान गोठ्यावर यायचं. ती दुरडी घरी ठिव. अन् जेवून नगं येऊ.”